हप्ता आला का?

२४ जून २०२४, संध्याकाळचे पावणेपाच. उत्तर प्रदेशातल्या मुझफ्फरनगर जिल्ह्यातल्या एका गावात रोजंदारीवर राबणाऱ्या बापाने इकडूनतिकडून साडेसतरा हजार रुपये उभे केले होते. मुलाला आयआयटी धनबादला इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंगची जागा लागली होती. ती पक्की करायला पाचच्या आत पैसे ऑनलाइन भरायचे होते. माहिती भरता भरता पाच वाजले, पोर्टल बंद झालं आणि जागा गेली. पुढचे तीन महिने मुलाने कोर्टाच्या पायऱ्या झिजवल्या. शेवटी ३० सप्टेंबरला सर्वोच्च न्यायालयाने घटनेच्या १४२व्या कलमाखालचा अधिकार वापरून त्याला प्रवेश द्यायला लावला.

ही बातमी सगळीकडे झळकली, कौतुकही झालं. पण तिच्यातली एक गंमत (गंमत म्हणवत नाही, पण दुसरा शब्द सुचत नाही) फारशी कुणी बोललं नाही. मुलगा अनुसूचित जातीतला. आयआयटीत अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांना शिक्षण शुल्क पूर्ण माफ असतं. म्हणजे ज्याची चार वर्षांची फी सोडायला सरकार एका पायावर तयार होतं, तो मुलगा दारातच साडेसतरा हजारांवर अडला. तेवढे पैसेही मिळाले होते, फक्त मिळेपर्यंत पावणेपाच झाले होते.

शिष्यवृत्तीवर लिहायचं म्हटलं की योजनांची नावं, पात्रता, कागदपत्रं, शेवटची तारीख असा तक्ता छापायची आपल्याकडे रीत आहे. तसे तक्ते समाजकल्याणच्या कार्यालयात भिंतीवर लागलेले असतात, आणि महाराष्ट्रात योजनांना तोटाही नाही. पण या लेखासाठी कॉलेजांच्या खिडक्यांवर, वसतिगृहांत आणि सदाशिव पेठेतल्या कॉट बेसिसवाल्या खोल्यांत मुलांशी बोललो, तेव्हा ‘किती मिळते’ हे त्यांनी दुसऱ्या-तिसऱ्या वाक्यात सांगितलं. पहिलं वाक्य बहुतेकांचं एकच होतं, ‘अजून आली नाही.’

पुण्यातल्या एका मोठ्या कॉलेजात शिष्यवृत्तीची खिडकी जिन्याखाली आहे. आत एक मॅडम, एक संगणक, आणि टेबलावर जातीनुसार नव्हे तर ‘स्टेटस’नुसार लावलेले कागदांचे गठ्ठे. बाहेर दहा-बारा मुलं. एक मुलगी फोन पुढे करून म्हणते, ‘मॅडम, माझं अजून अंडर स्क्रूटिनीच दाखवतंय.’ मॅडम आयडी टाकून बघतात. ‘अगं, अंडर स्क्रूटिनी कसलं, सेंट बॅक आलंय तुझं. रेशनकार्डाचं मागचं पान नाही जोडलंस. आज रात्री जोड, उद्या मी पुढे ढकलते.’ मुलगी विचारते, ‘मग पैसे कधी येतील?’ त्यावर मॅडम हसतात. त्यांच्या हसण्यात खवचटपणा नसतो. दिवसातून पन्नास वेळा विचारल्या जाणाऱ्या या प्रश्नाचं उत्तर त्यांच्या लॉगिनमध्ये नसतं.

अर्जाची वाट अशी आहे. मुलाने राज्य सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवर अर्ज भरायचा. तो कॉलेजच्या लिपिकाच्या लॉगिनला येतो, तिथून प्राचार्यांच्या. पुढे जिल्ह्याच्या सहायक आयुक्तांकडे, मग मंजुरी, मग बिल, मग निधी असेल तर खात्यात. वाटेत कुठेही एक कागद कमी पडला की अर्ज उलट्या पावली परत. त्यात मुदतवाढ. अर्जाची शेवटची तारीख दर वर्षी पुढे ढकलली जाते आणि तशी मागणी विद्यार्थी संघटनाच करतात, कारण कुणाची जातीच्या दाखल्याची व्हॅलिडिटी आलेली नसते, कुणाचा उत्पन्नाचा दाखला तहसीलमध्ये पडून असतो. मुदतवाढ मिळाली की आनंद होतो. पण अर्ज घेणंच जानेवारी-फेब्रुवारीपर्यंत चाललं तर छाननी कधी आणि हप्ता कधी, याचा हिशेब कुणी मांडत नाही. जूनमध्ये शिकायला आलेल्या मुलाला पहिला पैसा परीक्षा तोंडावर आल्यावर दिसतो. कधी ती परीक्षा होऊन पुढचं वर्ष सुरू झालेलं असतं.

सरकारी भाषेत याला शिष्यवृत्ती म्हणतात. व्यवहारात ती खर्चाची भरपाई आहे. भरपाई त्यालाच पोसते ज्याच्याकडे आधी खर्च करायला पैसे होते.

महाडीबीटीच्या आधीचा काळ सोन्याचा होता, असं कुणी समजू नये. तेव्हा शिष्यवृत्तीचा पैसा संस्थांच्या हातून जायचा. कागदावरचे विद्यार्थी दाखवून संस्थांनी कोट्यवधी रुपये उचलल्याच्या तक्रारी इतक्या झाल्या की राज्य सरकारला विशेष तपास पथक नेमावं लागलं. थेट विद्यार्थ्याच्या आधार जोडलेल्या खात्यात पैसे टाकायचे, मधले हात काढून टाकायचे, हा विचार त्यातून जोर धरत गेला. २०१७ साली पोर्टल आलं. पहिल्या वर्षी ते इतकं अडखळलं की अर्ज पुन्हा कागदावर घ्यायची वेळ आली. आता चालतं. चोरी अवघड झाली हे मान्य करायलाच हवं. मात्र मधल्या हातांची जागा मधल्या स्टेटसांनी घेतली.

त्यातलं सगळ्यात फसवं स्टेटस म्हणजे पैसे ‘जमा’ झाल्याचं. बीड जिल्ह्यातला, बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाचा एक मुलगा पासबुक घेऊन त्याच खिडकीवर उभा होता. पोर्टल म्हणत होतं पैसे गेले, पासबुक म्हणत होतं आले नाहीत. मॅडमनी विचारलं, ‘आधार लिंक आहे का?’ ‘आहे ना मॅडम, बँकेत जाऊन केलंय.’ ‘लिंक नाही रे, सीडिंग. कोणत्या खात्याला आहे ते बघितलंस का?’ मुलाने बघितलं नव्हतं. बँकेत केवायसीसाठी आधार दिलेलं असणं वेगळं, आणि राष्ट्रीय पेमेंट महामंडळाच्या नोंदीत तुमच्या आधारसमोर एखादी बँक लागलेली असणं वेगळं. सरकारी पैसा दुसऱ्या नोंदीकडे बघतो. तिथे एका आधारला एकच बँक चालते, शेवटी जी जोडली ती. या मुलाने दोन वर्षांपूर्वी गावात मोबाइलच्या दुकानात सिमकार्ड घेताना अंगठा दिला होता. दुकानदाराने त्याच झटक्यात एक खातं उघडून दिलं होतं. त्या खात्याचं अॅपही आता त्याच्या फोनमध्ये नव्हतं. यूआयडीएआयच्या संकेतस्थळावर आधार क्रमांक आणि ओटीपी टाकून पाहिलं, तर बँकेच्या नावापुढे तेच. सात हजार रुपये तिथे पडले होते. रांगेतल्या आणखी तिघांनी लगेच आपापले फोन काढून ‘बँक सीडिंग स्टेटस’ तपासायला घेतलं, आणि त्यातल्या एकीचं तर ‘इनअॅक्टिव्ह’ निघालं. अर्ज भरायच्या आधी दोन मिनिटांत करायचं हे काम आहे. माहितीपुस्तिकेत ते असतं, पण ‘खाते आधार संलग्न असावे’ एवढ्या चार शब्दांत.

आता जरा मागे जातो, कारण गरीब मुलाला शिकवायचं म्हणजे काय करायचं, याबद्दल या प्रदेशाने एके काळी बराच नेमका विचार केला होता.

पेशवाईत श्रावणात विद्वानांना दक्षिणा वाटली जायची. इंग्रजी अमलात मुंबईचा गव्हर्नर एल्फिन्स्टन याने त्या रकमेतला काही भाग वळवून १८२१ साली पुण्यात विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा काढली. पुढे त्याच निधीतून ‘दक्षिणा फेलो’ नेमले जाऊ लागले. न्यायमूर्ती रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे दोघेही दक्षिणा फेलो. ज्यांना फेलोशिप नव्हती ती मुलं माधुकरी मागायची किंवा वार लावून जेवायची, सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या. जुन्या आत्मचरित्रांत वारांची वर्णनं मोठ्या प्रेमाने येतात. मात्र वार लावायला पंक्तीला बसता यावं लागतं. मराठा, जैन, मुसलमान, महार मुलाला पुण्या-कोल्हापुरात वार कोण देणार होतं?

हा प्रश्न शाहू महाराजांनी ओळखला. कोल्हापुरात शाळा होत्या, कॉलेजही होतं. खेड्यातला मुलगा शहरात येऊन राहणार कुठे आणि जेवणार काय, इथे घोडं अडत होतं. १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघालं, त्याच वर्षी दिगंबर जैन बोर्डिंग. मग मुस्लिम, लिंगायत, आणि १९०८ साली अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग. दसरा चौकाच्या आसपास आजही या बोर्डिंगांच्या इमारती दिसतात. मिस क्लार्क बोर्डिंगच्या उद्‌घाटनाला जैन बोर्डिंगातला एक मुलगा गेला आणि परत आल्यावर अंघोळ करायला नकार दिला म्हणून त्याला बोर्डिंग सोडावं लागलं. तो मुलगा भाऊराव पाटील. १९१९ साली कऱ्हाडजवळच्या काले गावात त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली आणि पुढे साताऱ्यात सगळ्या जातींच्या मुलांना एका पंगतीत बसवलं. बोर्डिंगात दाणा उरला नाही तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने विकले, शेवटी मंगळसूत्रही. ‘निधी उपलब्ध झाल्यावर’ ही सोय त्यांना नव्हती, कारण पोरं संध्याकाळी जेवायला बसणार होती.

बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी भीमराव आंबेडकरांना एल्फिन्स्टन कॉलेजात असताना दरमहा २५ रुपये दिले. १९१३ साली कोलंबिया विद्यापीठात पाठवताना तीन वर्षांसाठी दरमहा साडेअकरा पौंड. त्या बदल्यात परतल्यावर दहा वर्षं संस्थानची नोकरी करायचा करार. कराराची बाजू कडक होती, आणि १९१७ साली नोकरीला आलेल्या आंबेडकरांना अख्ख्या बडोद्यात राहायला छप्पर मिळेना, म्हणून ते ती नोकरी सोडून गेले, हा इतिहास सर्वांना ठाऊक आहे. मला इथे ‘दरमहा’कडे बोट दाखवायचं आहे. पैसे महिन्याला, कारण भूक रोज लागते.

पुण्यात १९५५ साली अच्युतराव आपटे यांनी विद्यार्थी साहाय्यक समिती काढली, तीही फी भरायला नव्हे. खेड्यातून आलेल्या मुलाला राहायला जागा, परवडणारं जेवण आणि कष्टाचं थोडं काम. समितीची वसतिगृहं आजही गच्च भरलेली असतात.

सरकारी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ साली सुरू झाली, अनुसूचित जातींसाठी. देशातल्या सगळ्यात जुन्या योजनांपैकी ही एक. डिसेंबर २०२० मध्ये केंद्राने ती नव्याने मांडली: पाच वर्षांत ५९,०४८ कोटी, त्यात केंद्राचा वाटा ६० टक्के, राज्याचा ४०. फी आणि निर्वाह भत्ता दोन्ही विद्यार्थ्याच्या खात्यात, आणि फीचा भाग त्याने सात दिवसांत कॉलेजात भरायचा. निर्वाह भत्ता किती? इंजिनिअरिंग-मेडिकलसारख्या व्यावसायिक पदवीला वसतिगृहात राहणाऱ्यास वर्षाला १३,५०० रुपये, घरून येणाऱ्यास ७,०००. साध्या पदवीला वसतिगृहात राहून ६,०००, घरून ३,०००. १३,५००ला बाराने भागलं तर ११२५. पुण्यात दोन वेळच्या मेसचं महिन्याचं बिल तीन हजारांच्या आसपास.

ही तूट भरायला महाराष्ट्राने ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार’ योजना आणली, आणि ती आकड्यांत खरोखर शहाणी आहे. ज्या अनुसूचित जाती व नवबौद्ध मुलाला शासकीय वसतिगृहात जागा मिळाली नाही, त्याला मुंबई, पुणे, नागपूरसारख्या शहरांत वर्षाला ६०,००० रुपये: भोजनाला ३२,०००, निवासाला २०,०००, निर्वाहाला ८,०००. इतर महापालिका शहरांत ५१,०००, जिल्ह्याच्या ठिकाणी ४३,०००. आदिवासी मुलांसाठी ‘स्वयम्’, इतर मागासवर्गीयांसाठी ‘ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार’ अशी तिची भावंडंही आहेत. हिशेब करणाऱ्याने मेसचं बिल पाहून हिशेब केलाय हे कळतं. पण छत्रपती संभाजीनगरच्या औरंगपुऱ्यात राहणारा एक मुलगा म्हणाला, ‘सर, स्वाधारमधनं मी गेल्या वर्षीचं भाडं देतो. या वर्षीचं मामा देतो.’ मामाला पुढच्या वर्षी स्वाधार आली की परत.

२०२४ साली मुलींचं शिक्षण मोफत झालं, असं घरोघर पोचलं. ८ जुलैचा शासन निर्णय वाचला तर चित्र जरा अरुंद होतं. आर्थिक दुर्बल, सामाजिक-शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गातल्या, घरचं उत्पन्न आठ लाखांपर्यंत असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क १०० टक्के. आधी यांतल्या बहुतेकींना निम्मं मिळायचं. निर्णय मोठा आहे, त्याला नाकं मुरडण्यात अर्थ नाही. फक्त तीन ठिकाणी मुली ठेचकाळतात. प्रवेश केंद्रीय फेरीतून, म्हणजे कॅपमधूनच हवा. संस्था पातळीवर किंवा व्यवस्थापन कोट्यातून घेतला तर काही मिळत नाही. अभिमत विद्यापीठं आणि खासगी स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठं यात येत नाहीत. आणि विकास शुल्क, वसतिगृह, मेस, बस, हे सगळं बापाच्याच खिशातून. सांगलीकडचे एक द्राक्षबागायतदार मला पावतीवर बोट ठेवून विचारत होते, ‘फुकट हाय म्हंत्यात, मग ह्ये काय?’ ते विकास शुल्क होतं.

उत्पन्नाच्या अटींचं एक वेगळंच गणित आहे. अनुसूचित जातीच्या शिष्यवृत्तीची मर्यादा अडीच लाख, आणि ती २०१३पासून तिथेच आहे. आई सोसायट्यांत धुणीभांडी करते आणि बाप कंत्राटी सफाई कामगार आहे, अशा घरात दोघांची मजुरी मिळून अडीच लाख सहज ओलांडतात. ओलांडले की ‘फ्रीशिप’, म्हणजे फी मिळते, निर्वाह भत्ता नाही. मग काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे. दाखल्यावर उत्पन्न बेतून येतं. तलाठ्यापासून तहसीलदारापर्यंत सगळ्यांना हे माहीत असतं आणि कुणालाच त्याचं काही वाटत नाही. एक मर्यादा दहा-बारा वर्षं हलवायची नाही आणि वर दाखले खोटे असतात म्हणून नाक मुरडायचं, हे बरं नव्हे.

काही योजना आहेत ज्यांची मुलांना खबरच नसते. बारावीला बोर्डात वरच्या वीस टक्क्यांत आलेल्या आणि घरचं उत्पन्न साडेचार लाखांपर्यंत असलेल्या मुलाला केंद्राकडून वर्षाला १२,००० मिळतात. विज्ञानात वरच्या एक टक्क्यात आला आणि मूलभूत विज्ञान घेतलं तर ‘इन्स्पायर’चे ८०,०००. तांत्रिक पदवी-पदविकेच्या मुलींसाठी एआयसीटीईची ‘प्रगती’ वर्षाला ५०,०००. यांचे अर्ज महाडीबीटीवर नसतात, वेगळ्या पोर्टलांवर असतात, म्हणून कॉलेजच्या खिडकीला त्यांच्याशी फारसं कर्तव्य नसतं.

आता कर्ज. परदेशी शिकायला कर्जरूपाने शिष्यवृत्ती द्यायची कल्पना जमशेटजी टाटांनी १८९२ सालीच राबवली. आता बँका साडेसात लाखांपर्यंत शैक्षणिक कर्ज तारणाशिवाय देतात, हप्ते अभ्यासक्रम संपून वर्षभराने सुरू होतात. नोव्हेंबर २०२४मध्ये केंद्राने पीएम विद्यालक्ष्मी मंजूर केली. सुरुवातीला ८६० नामांकित संस्थांतल्या मुलांना विनातारण, विनाजामीन कर्ज आणि आठ लाखांच्या आतल्या घरांना दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर तीन टक्के व्याज सवलत. गोव्यात सरकारचं शिक्षण विकास महामंडळ बिनव्याजी कर्ज देतं. बँकेच्या शाखेत गेल्यावर ‘तुमचं गाव आमच्या हद्दीत येत नाही’ हे ऐकावं लागतं, ते सोडून देऊ. पण कर्ज एकदा मंजूर झालं की बँक फीचा हप्ता कॉलेजला ठरल्या तारखेला पोचवते. शिष्यवृत्तीचा अर्ज आणि कर्जाचा अर्ज दोन्ही केलेल्या एका मुलीला मी विचारलं, तर ती म्हणाली, ‘ज्याचं व्याज भरायचंय तेच वेळेवर येतं.’

पैसे अडकले की कॉलेजही अडवतं. शिष्यवृत्तीला पात्र विद्यार्थ्यांकडून प्रवेशावेळी ती फी घेऊ नका, असं सरकार दर वर्षी सांगतं, आणि मूळ कागदपत्रं अडवून ठेवू नका, असं यूजीसीने २०१८ साली बजावलंय. संस्थाचालक खासगीत म्हणतात, ‘सरकारकडे आमचीच बाकी आहे, प्राध्यापकांचे पगार कशातून करू?’ तेही अगदीच खोटं नाही. निकालाच्या दिवशी मात्र खिडकीबाहेर गुणपत्रिकेसाठी ताटकळतो तो विद्यार्थी.

यावर उपाय फार मोठा लागत नाही. प्रवेश पक्का झाल्याच्या दिवशी, मागच्या वर्षीच्या कागदांवर किंवा हमीपत्रावर, निर्वाह भत्त्याचा पहिला तिमाही हप्ता द्यायचा. छाननीत कुणी अपात्र ठरला तर पुढच्या हप्त्यातून कापायचा. नूतनीकरणाच्या अर्जदाराची जात आणि गाव वर्षभरात बदलत नाही, त्याला तेच कागद पुन्हा मागायचं कारण नाही. सरकारी नोकराला सणाला अग्रिम देता येतो, तर मुलाला जूनमध्ये द्यायला काय हरकत आहे?

नाहीतर मुलं काय मागतात, ते २०१८ साली दिसलं होतं. आदिवासी विकास विभागाने वसतिगृहांतल्या खानावळी बंद करून जेवणाचे पैसे डीबीटीने, म्हणजे थेट मुलांच्या खात्यात टाकायचं ठरवलं. कागदावर ही सुधारणा होती: ठेकेदार गेला, निवड मुलाच्या हाती आली. त्या जुलैत शेकडो आदिवासी मुलंमुली पावसात पुण्याहून नाशिकच्या आयुक्तालयाकडे पायी निघाली. पैसे वेळेवर येत नाहीत, आले तर पुरत नाहीत, असं त्यांचं म्हणणं होतं. सिन्नर तालुक्यात नांदूर शिंगोट्याला पोलिसांनी त्यांना अडवलं. रक्कम वाढवा, ही त्यांची पहिली मागणी नव्हती. डीबीटी रद्द करा, मेस परत सुरू करा, असं त्यांच्या फलकांवर होतं.